चवथीला घर पाहुण्यांनी भरलेलं असताना गाण्याचा रियाज कसा चालू ठेवायचा?

तुम्ही लिहिलंय की चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, गावच्या घरी पंचवीसेक माणसं जमतात, एक खोली मोकळी नसते, मग रियाज कुठे आणि कधी करायचा. खरं सांगू? जागा मिळते हो. घरचे तुमच्या गाण्याला काम समजतात की नाही, घोडं तिथे अडतं.

आमचं घर गोव्यात, फोंडा तालुक्यात, गणपती पाच दिवस. मी बारावीत होते. पहाटे साडेचारला मागच्या पडवीत मोबाईलवर तानपुरा लावून बसले, पट्टी काळी चार, अगदी हळू खर्ज, म्हणजे खालच्या सप्तकातले सूर. वीस मिनिटंही झाली नसतील, काका दारात. "बंद कर गो तें, लोक न्हिदल्यात." म्हणजे लोक झोपलेत. केलं बंद. त्याच रात्री चुलतभाऊ घुमट (मातीच्या मडक्याला चामडं लावलेलं वाद्य), शामेळ (काठ्यांनी वाजवायचं चर्मवाद्य), कासाळें (झांजा) घेऊन दीड वाजेपर्यंत आरत्या म्हणत होते, आणि पावसाळी हवेने घुमटाचं चामडं सैल पडलं तर ते चुलीवर शेकवून आणायला पाठवलं कुणाला, तर मला! त्यांनी वाजवलं की सेवा, मी गायले की त्रास. वर हेच काका मुंबईच्या पाहुण्यांना दरवर्षी ऐकवणार, आमच्या केरी गावच्या गायिका केसरबाई केरकरांची भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली म्हणून. गेली ना, पण त्यांना कुणी गायला बसू दिलं असेल तेव्हाच गेली असेल की.

दुसऱ्या दिवशी मी आते सांगायच्या आधीच आदोळीवर, म्हणजे नारळ खवायच्या विळीवर, जाऊन बसले. पातोळ्यांचं चून (सारण), खतखतं (मिश्र भाज्यांची आमटी), सगळं धरून आठ नारळ खवायचे होते. एका कानात इअरफोन, तोंडाने भूप रागाचे पलटे (सरावाच्या स्वररचना), सारेग रेगप गपध, आणि खवण्याची खर्रखर्र आपोआप लय धरते. तिसऱ्या नारळापर्यंत गळा मोकळा झाला. आते काही बोलली नाही कारण नारळ खवले जात होते. तेव्हापासून माझा चवथीतला रियाज स्वयंपाकघरातच.

बाकी तुम्हाला एवढंच की सुट्टीत नवीन बंदिश उघडू नका, आहे तेच घोटा. आणि आरतीत ओरडू नका, तिथली पट्टी सगळ्यात मोठ्या आवाजाचा काका ठरवतो, एका रात्रीत गळा बसला की पुढचा आठवडा गेलाच.

हां, हे सगळं गाणाऱ्यांचं झालं. तबला शिकत असाल तर तोंडी पढंत करून, म्हणजे बोल नुसते म्हणून, भागत नाही, हात बसवावाच लागतो. पेटीचंही तेच. आणि परीक्षा तोंडावर असेल तर विसर्जन झाल्या झाल्या सरळ आपलं घर गाठा.

यंदा पुतणी पहाटे पेटी घेऊन पडवीत बसली होती. काका नेहमीप्रमाणे दारात आले. मी त्यांच्या हातात घुमट दिलं, म्हटलं शेकवून आणा, चूल पेटलीय.