सिझेरियन झालं तर बाळाला लगेच छातीशी घेता येतं का? त्याने दूध लवकर येतं का?

हो, येतं. स्पायनल भूल (पाठीत इंजेक्शन देऊन फक्त कमरेखालचा भाग बधिर करणारी) असेल तर आई जागी असते. आई आणि बाळ दोघंही ठीक असतील तर टाके घालणं चालू असतानाही बाळाला तिच्या छातीवर ठेवता येतं. मात्र हे डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा, ऐनवेळी कुणाला सुचत नाही.

बाळ उघडं, फक्त लंगोट किंवा तोही नाही, आईच्या उघड्या छातीवर पालथं, आणि वरून दोघांवर एक कोरडं पांघरूण. दुपट्यात गुंडाळून शेजारी ठेवणं म्हणजे हे नव्हे! थोड्या वेळाने बाळ मूठ चोखू लागतं, तोंड उघडून मान इकडेतिकडे करतं, पायांनी रेटत स्तनाकडे सरकतं. घाई करून तोंडात कोंबू नका. जागतिक आरोग्य संघटना पहिल्या तासातच स्तनपान सुरू करायला सांगते.

दुधाबद्दल म्हणाल, तर स्पर्शाने आणि चोखण्याने आईच्या शरीरात ऑक्सिटोसिन नावाचं हार्मोन स्रवतं, त्याने दूध उतरतं आणि गर्भाशयही आकुंचन पावतं. सुरुवातीला येतो तो घट्ट, पिवळसर चीक, तोही चमचाभरच. 'दूधच नाही' म्हणून घरचे घाबरतात ते इथे. बाळाला तेवढाच लागतो. भरपूर दूध साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी येतं, सिझेरियननंतर कधी थोडं उशिरा.

एक काळजी घ्या: नाक मोकळं, मान सरळ, चेहरा दिसता हवा. आई गुंगीत असेल तर शेजारी कुणीतरी जागं हवंच. आईला जमत नसेल तर तोवर बाबांनी छातीशी घ्यावं, ऊब तीच मिळते.