दहा बाय दहाच्या खोलीत सुतारकाम करतो, धूळ ओढायला कोणतं मशीन घेऊ?

तुमच्या प्रश्नावरून मला समजलं ते असं: दहा बाय दहाची बंद खोली, हत्यारांत सँडर (लाकूड घासायचं मशीन), कटर मशीन आणि राउटर (लाकडात खाचा पाडायचं मशीन), काम मुख्यतः प्लाय आणि एमडीएफचं (लाकडाचा चुरा डिंकात दाबून केलेला बोर्ड), अधूनमधून सागवान, आणि बजेट वीस हजार. एक एचपीचा पिशवीवाला डस्ट कलेक्टर घ्यावा की व्हॅक्युमसारखा दिसणारा छोटा एक्स्ट्रॅक्टर, यावर अडलंय.

छोटा एक्स्ट्रॅक्टर घ्या. एचपीच्या आकड्याला मी भुललो होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी बडोद्याचा. मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, मेंटेनन्सला होतो. निवृत्त झाल्यावर दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराच्या तळमजल्यावर एक खोली रिकामी केली आणि पाट, चौरंग, फोटोफ्रेमा, गणपतीच्या दिवसांत ओळखीच्यांची मखरं असं सुरू केलं. कारखान्यात मोटर मोठी तर काम चोख, ही समजूत अंगात मुरलेली. त्यामुळे मी थेट एक एचपीचा कलेक्टर मागवला. खाली प्लॅस्टिकची पिशवी, वर कापडाची, आणि हत्तीच्या सोंडेसारखा चार इंची पाइप. पहिल्या दिवशी जमिनीवर पडलेले रंध्याचे छिलके त्याने असे गिळले की मी खूश.

दुसऱ्या दिवशी रिड्यूसर (मोठं तोंड लहान करणारा जोड) लावून तोच पाइप सँडरला जोडला. सँडरच्या तोंडाशी तळहात धरला तर कुणी हळूच फुंकर मारावी इतकीच ओढ! भुकटी सगळी टेबलावर. संध्याकाळी पश्चिमेच्या खिडकीतून उन्हाची तिरीप आली तेव्हा दुसरी गंमत कळली. मशीन चालू केलं की कापडी पिशवी फुगायची आणि पिठाची पिशवी झटकावी तशी तिच्या विणीतून धूळ बाहेर यायची. पिशवीवर बारीक अक्षरांत ३० मायक्रॉन लिहिलेलं होतं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग; त्याहून बारीक कण पिशवी अडवत नाही), ते मी विकत घेताना वाचलंच नव्हतं. फुफ्फुसात खोल जाणारी धूळ १० मायक्रॉनच्या आतली. म्हणजे जी अडवायची तीच हे यंत्र खोलीभर वाटत होतं. वरच्या मजल्यावरून बायको म्हणाली, ‘अहो, देवांना दिवसातून दोनदा आंघोळ घालायची का आता?’

यात यंत्राचा दोष नाही, मी ते चुकीच्या कामाला जुंपलं. कलेक्टर हा मुळात मोठा पंखा. भरपूर हवा हलवतो, पण जोर कमी. टेबल फॅन खोलीभर वारा देतो, म्हणून त्याच्यापुढे नरसाळं धरून फुगा फुगवता येतो का? तसंच आहे हे. १०० मिमीचं तोंड ३५ मिमीवर आणलं की क्षेत्रफळ आठ पटींनी कमी होतं आणि एवढ्याशा भोकातून हवा खेचायला लागणारा दाब पंख्याकडे नसतो. व्हॅक्युमचं, म्हणजे त्या छोट्या एक्स्ट्रॅक्टरचं, उलट: हवा थोडी, पण ओढ जबरदस्त. त्याच्या माहितीपत्रकात २०० ते २५० मिलिबार असा आकडा दिसेल, तो या ओढीचा. शेजारी लिटर प्रति सेकंद किंवा सीएफएम (घनफूट प्रति मिनिट) असतो, तो हवेचा. हे दोन्ही कमाल आकडे एकाच वेळी कधी मिळत नाहीत. हवेचा आकडा तोंड पूर्ण उघडं ठेवून मोजलेला, ओढीचा ते पूर्ण बंद करून. त्यामुळे दोन-चार आकडे इकडेतिकडे असतील तर त्यावर डोकं शिणवू नका.

पाइपमध्ये भुसा तळाला न बसता वाहत राहायला हवेचा वेग साधारण २० मीटर प्रति सेकंद लागतो. ३६ मिमीच्या होजमध्ये (व्हॅक्युमच्या लवचिक पाइपमध्ये) एवढा वेग यायला सेकंदाला वीसेक लिटर हवा पुरते, चार इंची पाइपला दीडशेहून जास्त लागते. तुमच्या तिन्ही हत्यारांची तोंडं बारीक आहेत, म्हणून तुमचं काम व्हॅक्युमचंच. पुढेमागे थिकनेसर (फळी एकसारख्या जाडीची करणारं मशीन) किंवा मोठा रंधा घेतलात तर मात्र कलेक्टरला पर्याय नाही. ते छिलके बारीक होजमध्ये दोन मिनिटांत अडकतात.

संखेडा आमच्यापासून जवळ. तिथले खरादी सागवान कातून, लाखेचे रंग चढवून फर्निचर करतात. मी गेलो होतो तेव्हा ओसरीवर बसून काम चाललं होतं. त्यांचा ‘व्हेर’ (आमच्याकडे भुशाला गुजरातीतला हाच शब्द चालतो) वाऱ्याबरोबर अंगणात जात होता. ते बघून मलाही वाटलं होतं, एवढी काय काळजी करायची! पण आपली खोली बंद. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाची धूळ पहिल्या गटात टाकली, म्हणजे माणसात कर्करोग करते हे सिद्ध झालेल्या पदार्थांत. मुख्यतः नाक आणि नाकाच्या आसपासच्या पोकळ्यांचा. एमडीएफमध्ये वर आणखी फॉर्माल्डिहाइडवाला डिंक. सागवानाच्या भुकटीने काहींच्या अंगाला खाज सुटते, मला मनगटांना सुटते.

म्हणून पैसे मोटरवर नाही, फिल्टरवर घाला. युरोपात या यंत्रांचे एल, एम आणि एच असे वर्ग आहेत. एलमधून जास्तीत जास्त १ टक्का धूळ निसटू शकते, एममधून ०.१ टक्का, एचमधून ०.००५. एम वर्गाच्या यंत्रात होजमधला वेग २० मीटरच्या खाली गेला की इशाऱ्याचा आवाज होतो. सुतारकामाला खरं तर एम हवा, पण तो तुमच्या बजेटच्या बराच वर जातो. तेव्हा एल वर्गाचं चांगल्या कंपनीचं मशीन, आत कागदाऐवजी फ्लीसची (न विणलेल्या कृत्रिम कापडाची) पिशवी, आणि त्या मॉडेलला हेपा फिल्टर मिळत असेल तर तो. खऱ्या हेपाने ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडतात. खोक्यावर नुसतं ‘हेपा टाइप’ असेल तर त्याला काही अर्थ नाही. बॉश, मकिता, कार्चर यांतलं जे घ्याल त्याची पिशवी, फिल्टर आणि मोटरचे कार्बन तुमच्या गावात मिळतात का, हे आधी दुकानात विचारा. या मोटरी कार्बन ब्रशच्या असतात, ते झिजतातच.

हत्यार चालू केलं की आपोआप चालू होणारं सॉकेट मशीनवर असेल तर थोडे जास्त पैसे द्या. बटण दाबायला उठावं लागलं की माणूस ‘दोनच मिनिटांचं काम’ म्हणून तसंच घासतो. मी घासलंय. मात्र व्हॅक्युम १२०० वॅट आणि कटर १२०० वॅट म्हणजे दहा-अकरा अँपिअर एकाच प्लगमधून. त्याला १६ अँपिअरचा पॉइंट आणि वेगळा एमसीबी हवा, पंख्याच्या बोर्डावर लावू नका.

आता बादलीची गोष्ट. फिल्टर दर अर्ध्या तासाने तुंबतो, त्यावर उपाय म्हणजे हत्यार आणि व्हॅक्युमच्या मधे प्लॅस्टिकचा छोटा सायक्लोन. हवा आत गरगर फिरते, जड भुसा खाली बादलीत पडतो, फिल्टरपर्यंत फक्त बारीक भुकटी जाते. हे जरूर करा. मी तो डिस्टेंपरच्या रिकाम्या बादलीवर बसवला. एके दिवशी प्लायचा तुकडा होजच्या तोंडाशी अडकला आणि फटाका फुटावा तसा आवाज करून बादली चिपाडासारखी आत चेपली. नंतर हिशेब केला: एक फूट व्यासाच्या झाकणावर २०० मिलिबारने जवळजवळ दीडशे किलोचा भार येतो. आता जाड ड्रम वापरतो, आत प्लायची एक रिंग ठोकलीय. हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत होजला हात लागला की शॉकही बसतो, म्हणून अँटिस्टॅटिक होज घेतला.

आवाज मात्र सोसावा लागेल. आमच्या गल्लीत दुपारी एक ते चार मशीन लावलं तर शेजारच्या काकू खिडकीत येऊन नुसत्या उभ्या राहतात. त्या काही बोलत नाहीत, पण मी बंद करतो.

मशीन आल्यावर एक करा. रात्री दिवे मालवून, एकच टॉर्च आडवी धरून पाच मिनिटं सँडर चालवा. झोतात कण कुठून उठतात ते स्पष्ट दिसेल. माझ्याकडे सँडरच्या एका कडेने येत होते, कारण पॉलिशपेपरची भोकं पॅडच्या भोकांशी जुळवलेली नव्हती. राउटरचं आणि कटरचं काम मशीन लावूनही पूर्ण आटोक्यात येत नाही, तिथे एन ९५ मास्क घालाच, आणि काम संपल्यावरही अर्धा तास काढू नका.

खरेदीला जाताना सँडर पिशवीत घालून न्या. प्रत्येक कंपनीचं तोंड वेगळं, होज तिथेच बसवून बघा. जरासा सैल असेल तर सायकलच्या ट्यूबचा चार बोटं तुकडा ओढून बसवला की काम होतं, माझा तसाच आहे. तुमचा सँडर कोणता आणि त्याच्या तोंडाचा बाहेरचा व्यास किती मिमी, ते कळवलंत तर कोणता होज बसेल ते सांगतो.