सिंहस्थ, सूर्यावरचे डाग आणि वडिलांची पावसाची वही

प्रश्न : सर, जत तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. मामा पंचांग बघून छाटणीचा दिवस धरतात, त्यावरून घरात कधी वाद नव्हता. यंदा त्यांनी एका व्याख्यानात ऐकलं की गुरू, शुक्र आणि पृथ्वी एका ओळीत आले की सूर्यावरचे डाग वाढतात, आणि डाग वाढले की पाऊस बिघडतो. जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनीही हे मान्य केलंय म्हणे. यात खरं किती? ऑक्टोबर छाटणी त्यावर ठरवावी का?
— एक वाचक, जत

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाग थांबत नाही. छाटणी गुरू-शुक्रावर ठरवू नका. पण मामांशी भांडूही नका. या मोहात मीही एकदा पुरता अडकलो होतो.

१९७५ साली मी कोल्हापूरला एम.एस्सी. करत होतो. वडील मिरज तालुक्यातल्या एका शाळेत मास्तर. शाळेच्या अंगणात पर्जन्यमापक होता आणि रोज सकाळी साडेआठला त्यातलं पाणी मोजून वहीत लिहिणं हे त्यांचं नित्यकर्म. दशमान पद्धत आली तरी त्यांनी इंच-सेंट सोडले नाहीत. ती वही घेऊन मी दिवाळीच्या सुट्टीत बसलो आणि आलेखाच्या कागदावर पावसाखाली सूर्यडागांचा, म्हणजे सूर्यावरच्या भोवतालापेक्षा थंड म्हणून काळसर दिसणाऱ्या ठिपक्यांचा, आकडा मांडला. १९५८ च्या सुमाराला डाग शिखरावर, पाऊसही चढा. १९६४-६५ ला डाग तळाला, पाऊसही तळाला. १९६८ ला डाग पुन्हा वर. तिथं पाऊस जरा आडवा आला, म्हणून मी तीन-तीन वर्षांची सरासरी घेतली आणि उंचवटा आणला. १९७२ चा दुष्काळ उतारावर आयताच बसला. त्या रात्री मला झोप नाही. वडिलांनी आलेख पाहिला आणि एवढंच म्हणाले, “आता पुढचा चांगला कधी पडेल, ते तारीख घालून लिहून ठेव.” डाग साधारण अकरा वर्षांनी शिखर गाठतात, तो हिशेब धरून मी ठेवलं : १९७९ च्या आसपास डाग भरपूर, पाऊस भरपूर.

१९७९ साली सूर्य डागांनी गजबजला होता आणि देशभरचा मान्सून सरासरीच्या ८१ टक्क्यांवर अडकला. वडिलांच्या वहीतही ते वर्ष कोरडंच. माझा कागद त्यांनी त्याच पानात घालून ठेवला होता. बोलले काहीच नाहीत.

माझ्याहून मोठी माणसंही अशीच फसली आहेत, तेवढाच दिलासा. आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवराची पातळी १८९६ पासून पंचवीसेक वर्षं डागांबरोबर इमानेइतबारे वरखाली होत होती. १९२३ मध्ये ते छापूनही आलं. त्याच दशकात जोडी फुटली. आज तर मी उलटं सूत्रही मांडू शकतो : १९७९, २००२ आणि २०१४, तिन्ही वेळा डाग शिखराच्या आसपास आणि देशाचा मान्सून ८१, ८१, ८८ टक्के. म्हणजे डाग वाढले की दुष्काळ! फक्त १९८९ कडे कानाडोळा करावा लागतो (डाग शिखरावर, पण दुष्काळ नाही), आणि तो सूत्रवाले करतातच. मग २०२४ उजाडलं. पुन्हा शिखर, आणि पाऊस १०८ टक्के.

आता गुरूकडे येऊ. त्याची सूर्याभोवतीची फेरी ११.८६ वर्षांची, डागांचं चक्र सरासरी ११ वर्षांचं. आकडे इतके शेजारी बघून १८५९ मध्ये स्वित्झर्लंडचे खगोलशास्त्रज्ञ रुडॉल्फ वोल्फ यांनाही ग्रहांचा संशय आला होता. हे पडताळून बघायला आपल्याकडे फुकटचं घड्याळ आहे. गुरू सिंह राशीत गेला की नाशिकला सिंहस्थ. १९६८ चा सिंहस्थ, आणि डागांचं शिखरही १९६८ ला. १९८० चा सिंहस्थ; शिखर १९७९ च्या अखेरीस, तेव्हा गुरू सिंहेतच होता. दोनदा गाठ पडली की माणूस हरखतो. पण मागे १९३२ ला जाऊन बघा : गुरू सिंहेत, आणि सूर्य जवळजवळ कोरा, चक्राचा तळ १९३३ चा. पुढे या : २००३ चा सिंहस्थ शिखर उलटल्यावर दोन वर्षांनी, आणि २०२७ चा जवळपास तीन वर्षांनी. शिवाय डागांचं चक्र कधी नऊ वर्षांत आटपतं, कधी तेरा-चौदा घेतं. गुरूची फेरी असली लहर करत नाही.

मामांचे जर्मन शास्त्रज्ञ मात्र खरे आहेत. ड्रेस्डेनचे फ्रँक श्टेफानी आणि त्यांचे सहकारी म्हणतात की एकटा गुरू नव्हे, शुक्र, पृथ्वी आणि गुरू यांची ओढ दर ११.०७ वर्षांनी एका रेषेत जुळते, आणि हा आकडा डागांच्या सरासरीला फार जवळचा आहे. भरती-ओहोटीच्या ओढीचा हिशेब घरी करता येतो : ग्रहाचं वस्तुमान भागिले अंतराचा घन. पृथ्वीची ओढ १ धरली तर गुरूची सव्वादोन, शुक्राचीही जवळजवळ तेवढीच, बुधाची एकच्या किंचित खाली. साडेसातीत गावभर धाक असणारा शनी इथं ०.११ वर आटोपतो. पण या ओढीनं सूर्यावर येणारी भरती किती? गुरूमुळे येते ती एक मिलिमीटरसुद्धा नाही, आणि सूर्याचा व्यास चौदा लाख किलोमीटर. श्टेफानींचं उत्तर असं की झोपाळा हलवायला पैलवान लागत नाही, पोरानं ठेक्यात हात लावला तरी पुरतं. अनेक सौरशास्त्रज्ञांना हे पटलेलं नाही. सूर्य मुळात असा ठेका धरून चालतो का, इथपासूनच वाद आहे. मला विचाराल तर कल्पना देखणी आहे, पुरावा कच्चा आहे. आणि जतच्या पावसाबद्दल त्यात अवाक्षर नाही.

सूर्याचे डाग आणि पाऊस, हा दुसरा सांधा तर आपल्याच दुष्काळात तपासला गेला. १८७६ ते १८७८ मध्ये दख्खन होरपळत होतं. १८७७ साली इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर आणि इथले सरकारी अधिकारी डब्ल्यू. डब्ल्यू. हंटर यांनी लिहिलं की मद्रासचा पाऊस डागांच्या तालावर चालतो. राज्यकर्त्यांना सोयीचीच गोष्ट. दोष सूर्यावर गेला की शेतसाऱ्याबद्दल कोण विचारतो? सूर्याच्या अभ्यासासाठी १८९९ मध्ये कोडाईकनालला वेधशाळा झाली, तिच्यामागे ही आशाही होती. पाऊस काही तिथं गवसला नाही. तिथले खगोलशास्त्रज्ञ जॉन एव्हरशेड यांना १९०९ मध्ये डागाच्या कडेनं बाहेर वाहणारा वायू मात्र गवसला.

पुढे गिल्बर्ट वॉकर १९०४ साली हवामान खात्याचे प्रमुख झाले. पेशानं गणिती. त्यांनी डाग आणि पाऊस रीतसर आकडेमोडीत घातले, तर नातं अगदीच लेचंपेचं निघालं. जगभरचे आकडे चाळता चाळता त्यांना दिसलं की प्रशांत महासागराच्या एका बाजूला हवेचा दाब चढला की दुसऱ्या बाजूला उतरतो, तागडीच्या दोन पारड्यांसारखा. एल निनोचं, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी काही वर्षांनी तापतं त्याचं, कोडं तिथून सुटत गेलं, आणि १८७७ चा दुष्काळही आज एल निनोच्याच खात्यावर मांडतात. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्याला आलं. शिवाजीनगरला रिक्षावाले अजून ‘शिमला ऑफिस’ म्हणतात ते त्यामुळे.

सूर्याचा काहीच परिणाम नाही, असं मी म्हणत नाही. डागांच्या एका चक्रात त्याचं तेज हजारात एक भाग बदलतं आणि जगाच्या तापमानात त्यानं साधारण ०.१ अंशाचा फरक पडतो. तुमच्या बागेवर घड फुलोऱ्यात असताना पडणाऱ्या अवकाळीत तो शोधणं म्हणजे बाजाराच्या गलक्यात मनगटी घड्याळाची टिकटिक ऐकणं.

मामांच्या पंचांगाविषयी एक. मृग, आर्द्रा, मघा ही पावसाची नक्षत्रं म्हणजे सूर्याची जागा, आणि सूर्याची जागा म्हणजे तारीखच. मृग लागतो ७-८ जूनला, म्हणून तो ऋतू धरून चालतो. ‘न पडल्या मघा तर ढगाकडे बघा’ यामागे पिढ्यांचं निरीक्षण आहे. बेडूक, म्हैस, कोल्हा ही वाहनं मात्र नक्षत्रं मोजून नऊनं भागल्यावर उरलेल्या बाकीवरून येतात. नक्षत्र ठेवा, वाहन सोडा. आणि छाटणीआधी खात्याचा पाच दिवसांचा अंदाज मामांनाच मोठ्यानं वाचायला सांगा.

प्रश्न : म्हणजे बाकीच्या ग्रहांचा पृथ्वीच्या हवामानाशी काहीच संबंध नाही?
— एक विद्यार्थिनी, रत्नागिरी

उत्तर : आहे ना, आणि चांगला दणकट आहे. फक्त तो तुझ्या-माझ्या आयुष्यात मावत नाही. गुरू आणि शुक्र पृथ्वीची कक्षा हळूहळू ताणतात आणि पुन्हा गोल करतात. त्यातलं सर्वांत नेमकं आवर्तन सुमारे ४,०५,००० वर्षांचं. अॅरिझोनातल्या खडकांच्या थरांत त्याची खूण २१ कोटी वर्षांमागेही सापडली आहे. पृथ्वीचा आसही भोवऱ्यासारखा डुलतो. या सगळ्यामुळे कुठल्या ऋतूत किती ऊन पडतं ते बदलतं. सर्बियाच्या मिलुटिन मिलांकोविच यांनी हा हिशेब हातानं केला आणि हिमयुगांशी जोडला. समुद्रतळाच्या गाळानं १९७६ मध्ये त्याला दुजोरा दिला.

आज पृथ्वी सूर्याला सर्वांत जवळ येते जानेवारीच्या सुरुवातीला. दहाएक हजार वर्षांपूर्वी ती उत्तरेच्या उन्हाळ्यात जवळ असायची. जमीन जास्त तापायची आणि आपला मान्सून आजच्यापेक्षा जोरकस होता. ग्रहांनी पाडलेला पाऊस हवाच असेल तर तो हा.

प्रश्न : सूर्यावरचे डाग घरी बघता येतात का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : येतात, पण दुर्बिणीला डोळा लावून अजिबात नाही, क्षणात दृष्टी जाते. छोटी दुर्बीण तिपाईवर बसवा, तिच्या सावलीवरून रोख धरा आणि डोळ्याच्या भिंगामागे वीतभर अंतरावर पांढरा पुठ्ठा धरा. सूर्य पुठ्ठ्यावर उतरतो. पोरं जवळ असतील तर दुर्बिणीपाशी तुम्ही स्वतः उभे राहा. जर्मनीतल्या डेसाऊचा औषधविक्या हाइनरिख श्वाब १८२६ पासून रोज सूर्य बघत होता, ते बुधाच्या आतला एखादा ग्रह सापडतो का म्हणून. ग्रह नव्हताच. सतरा वर्षांच्या नोंदींतून १८४३ मध्ये त्याला डागांचं चक्र सापडलं. तेव्हा पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं ठिपके काढा आणि खाली तारीख घाला.