एएमजीची ग्रिल बदलायची, पण कुठल्या पैशातून?

पुण्याच्या एका वाचकाचं पत्र थोडक्यात असं: "वय ३८, आयटीत आहे, बाणेरला स्वतःचा फ्लॅट. महिन्याला हातात ३ लाख १० हजार येतात. गेल्या वर्षी २०१९ ची मर्सिडीज-एएमजी सी ४३ कूपे सेकंडहँड घेतली. गाडी जीव की प्राण आहे, पण पुढून बघितली की काहीतरी कमी वाटतं. मूळ ग्रिल, म्हणजे नाकावरची जाळी, काढून उभ्या पट्ट्यांची पॅनअमेरिकाना ग्रिल बसवायची आहे. एका गॅरेजने बंपरसकट सगळ्या कामाचं ३ लाख ४० हजारांचं कोटेशन दिलंय. नुसती ग्रिल बसवली तर ३८ हजार. मोठं काम करायचं ठरलं तर क्रेडिट कार्डावर २४ महिन्यांचा ईएमआय मिळतोय, १६ टक्क्यांनी. पत्नीचं म्हणणं, गाडी आहे तशीच छान दिसते, आधी आईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचं बघू. तुम्ही काय म्हणता?"

आधी उत्तर देतो, मग हिशेब. ग्रिल जरूर बदला. मात्र ३८ हजारांची, येत्या मार्चनंतर, रोख पैशाने. ३ लाख ४० हजारांचं काम करू नका, आणि कार्डाला तर हातच लावू नका.

तुमची ओढ मला समजते, आणि ती उधळपट्टी आहे असं मी म्हणणार नाही. या ग्रिलला इतिहास आहे. १९५२ साली मेक्सिकोतल्या कॅरेरा पॅनअमेरिकाना शर्यतीत कार्ल क्लिंग आणि हान्स क्लेंक यांनी मर्सिडीजची ३०० एसएल पहिली आणली. त्या शर्यतीत भरधाव गाडीची पुढची काच फोडून एक गिधाड आत आदळलं होतं. क्लेंकना लागलं, तरी ते दोघे थांबले नाहीत, आणि नंतर काचेवर संरक्षणासाठी उभ्या सळया बसवल्या गेल्या. त्या शर्यतीचं नाव घेऊन कंपनीने आधी रेसच्या जीटी३ वर आणि मग २०१६ मध्ये रस्त्यावरच्या एएमजी जीटी आर वर १५ उभ्या पट्ट्यांची ग्रिल आणली. पुढे ती ६३ वर, म्हणजे तुमच्याच गाडीच्या जास्त ताकदीच्या थोरल्या भावावर आली. तुमच्या पिढीच्या ४३ ला मात्र आडव्या पट्ट्यांचीच राहिली. सिग्नलला शेजारी ६३ उभी राहिली की नजर कुठे जात असेल, याची कल्पना आहे.

पण तुमच्या पत्राच्या दुसऱ्या पानावरचे आकडे मी आधी वाचले.

घराचा हप्ता ६२,०००. गाडीचा ६५,२२७. म्हणजे पगारातले ४१ टक्के पहिल्या आठवड्यातच जातात. एसआयपी ४५,०००, घरखर्च ९५,०००, पेट्रोल आणि गाडीची देखभाल १८,०००. महिनाअखेर उरतात साधारण २४,८००. कार्डाचा नवा हप्ता येईल १६,६४७ रुपये. मग उरतील जेमतेम आठ हजार. चार टायर बदलायचे म्हटलं तरी या गाडीला खर्च लाखाच्या घरात जातो, आणि तुमची गाडी आता वॉरंटीत नाही.

कार्डाचा १६ टक्के दर ऐकायला वाटतो त्यापेक्षा महाग पडतो. २४ महिन्यांत नुसतं व्याज होतं साधारण ५९,५००, आणि कार्डाच्या ईएमआयवर व्याजावर १८ टक्के जीएसटी वेगळा, म्हणजे आणखी १०,७०० च्या आसपास. प्रोसेसिंग फी धरली नाही तरी ३ लाख ४० हजारांचं काम ४ लाख १० हजारांना पडतं. आणि हे पैसे जातात अशा वस्तूत, जी गाडी विकताना कोणी मोजत नाही.

मला खरी काळजी वाटली ती एका ओळीची. "इमर्जन्सी फंड: २ लाख १० हजार." एसआयपी थांबवली तरी तुमचा महिन्याचा अटळ खर्च २ लाख ४० हजार आहे. म्हणजे नोकरी गेली तर महिनाभराचीही सोय नाही. आयटीतली माणसं माझ्याकडे येतात तेव्हा नवी नोकरी मिळायला किती महिने लागले, हे मी त्यांच्याच तोंडून ऐकतो. दोन मोठे हप्ते डोक्यावर असताना २६ दिवसांची गंगाजळी घेऊन तिसरा हप्ता चालू करणं हे मी माझ्या सख्ख्या भावालाही करू देणार नाही.

आता कोटेशन. बंपर आणि रंग १,६५,०००, ग्रिल ७०,०००, उजळणारा स्टार (मर्सिडीजचं चिन्ह) आणि वायरिंग ४५,०००, ब्लॅक क्रोम २५,०००, मजुरी ३५,०००. यातला सगळ्यात मोठा आकडा ग्रिलचा नाहीच, बंपरचा आहे. कारण ६३ चा पुढचा चेहरा ४३ सारखा नसतो. बोनेट वेगळं, पुढची मडगार्ड जास्त रुंद. ६३ ची ग्रिल ४३ च्या नाकावर जशीच्या तशी बसत नाही, म्हणून गॅरेजवाल्याने बंपरही गळ्यात घातला आहे. ३८ हजारांची जी ग्रिल आहे ती ४३ च्या मापाची, पण आफ्टरमार्केट, म्हणजे मर्सिडीजने न बनवलेली. तुम्हाला हव्या असलेल्या उभ्या पट्ट्या तीसुद्धा देते. बाकीचे तीन लाख तुम्ही ६३ सारखं दिसण्यासाठी घालताय, आणि आतलं इंजिन सहा सिलिंडरचं व्ही६ च राहणार आहे, ६३ चं आठ सिलिंडरचं व्ही८ नव्हे. तुमची ३९० हॉर्सपॉवरची गाडी कुठल्याही अर्थाने कमी नाही. कंपनीने पुढच्या पिढीच्या सी ४३ ला स्वतःच ही ग्रिल दिली, त्यामुळे ४३ वर ती उपरी दिसणार नाही. मागे ६३ चा बॅज लावायचा विचार लिहिलाय, तो मात्र सोडून द्या. गाडी विकताना पहिला प्रश्न त्यावरूनच येईल, आणि मग खरेदीदार सर्व्हिसच्या कागदांवरही शंका घेईल.

इन्शुरन्सकडे तुम्ही अजिबात लक्ष दिलेलं नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. कंपनीने गाडीबरोबर न दिलेली कुठलीही वस्तू बसवली की ती पॉलिसीत लिहून घ्यावी लागते. विजेवर चालणाऱ्या ॲक्सेसरीजसाठी मोटर टॅरिफप्रमाणे किमतीच्या ४ टक्के जादा प्रीमियम असतो. उजळणाऱ्या स्टारचे ४५ हजार धरले तर वर्षाला १,८०० रुपये आणि वर जीएसटी. रक्कम किरकोळ आहे. पण ती भरली नाही आणि उद्या पुढून ठोकली, तर सर्व्हेअर मूळ ४३ च्या भागांच्या किमतीवर बोट ठेवेल. न कळवलेल्या बदलावरून क्लेम अडूही शकतो.

कळवलं तरी पूर्ण पैसे येतील असं नाही. झीरो डेप (घसारा न कापणारं जादा कवच) नसेल तर प्लॅस्टिक आणि रबराच्या भागांवर सरसकट ५० टक्के घसारा कापतात, गाडी कितीही नवी असो. तुमची गाडी पाच वर्षांच्या पुढे गेली आहे आणि या वयाला झीरो डेप सहजासहजी मिळत नाही. १,६५,००० चा बंपर फुटला तर निम्मे तिथेच गेले. शिवाय १५०० सीसीच्या वरच्या गाडीला २,००० रुपये सक्तीचे स्वतः भरायचे. हातात येतील ८० हजार. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये बंपर किती वर्षं शाबूत राहतो ते तुम्हीच सांगा. तुमच्या पॉलिसीवर झीरो डेप आहे की नाही हे पत्रात नाही, ते आज रात्रीच पॉलिसी काढून बघा.

कायद्याचं थोडक्यात. आरसीवर इंजिन, चासी, इंधन, रंग यांची नोंद असते, ग्रिलची नसते. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून गाडी बदलायला मनाई केली, आणि त्याच वर्षीच्या मोटार वाहन कायद्याच्या दुरुस्तीने विनापरवाना बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आली. मापाची ग्रिल बदलल्याने गाडीच्या नोंदीला धक्का लागत नाही. बाहेर आलेला गार्ड, लखलखणारे दिवे, पूर्ण रंगबदल, या वाटेला जाऊ नका. आणि बंपर बदलला तर पुढची एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरची पाटी काढावी लागते. तिची लॉक एकदाच वापरायची असतात, तोडल्याशिवाय निघत नाहीत. म्हणजे त्या पाटीसाठी परत अपॉइंटमेंट. गॅरेजवाल्याने हे तुम्हाला सांगितलं का, विचारा.

ब्लॅक क्रोमबद्दल मी डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. माझ्या एका क्लायंटने दुसऱ्या एका जर्मन गाडीची ग्रिल एका गॅरेजमध्ये अशीच काळी करून घेतली होती. पहिल्या पावसाळ्यानंतर हिशेबाच्या कामाला त्यांच्या घरी गेलो, तेव्हा खाली पार्किंगमध्ये त्यांनी गाडी दाखवली. पट्टीच्या कडेला पापुद्रा सुटला होता. अंगठ्याच्या नखाने हलकं दाबलं तर कांद्याच्या सालीसारखा लांबच लांब निघून आला, खाली पिवळट प्लॅस्टिक. प्रेशर वॉशिंगने बाकीचंही गेलं. गॅरेजवाल्याचं म्हणणं, कोटिंगची गॅरंटी कुठे दिली होती. बिलावर खरंच काही लिहिलेलं नव्हतं. त्यामुळे तुम्हाला काळा रंगच हवा असेल तर मूळ काळ्या प्लॅस्टिकची ग्रिल घ्या, वर चढवलेला मुलामा नको. आणि बिल जीएसटीचं घ्या, भागाचं नाव आणि वॉरंटीचे महिने त्यावर छापलेले. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या भागांवर २८ ऐवजी १८ टक्के जीएसटी लागतो. तुमच्या कोटेशनवर अजून २८ आहे, ते दुरुस्त करून मागा.

एक तांत्रिक गोष्ट, कारण तिचा परिणाम थेट पैशावर होतो. तुमच्या गाडीच्या नाकावरचा स्टार सपाट, काचेसारखा गुळगुळीत आहे की उठावदार, ते बघा. सपाट असेल तर त्यामागे रडार असतं, पुढच्या गाडीशी अंतर राखण्यासाठी. अशा गाडीला ग्रिल घेताना तोच सपाट स्टार परत बसला पाहिजे. उजळणारा किंवा उठावदार स्टार लावला तर रडारच्या डोळ्यावर झापड येते आणि डॅशबोर्डवर चेतावणी लागते. मग सर्व्हिस सेंटरला कॅलिब्रेशनचा खर्च. उजळणाऱ्या स्टारचे ४५ हजार मी एवढ्यासाठीही वाचवीन. ऑर्डर देण्याआधी अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये चासी नंबर देऊन गाडीवर काय काय आहे ते कागदावर घ्या.

आता मार्च का, ते सांगतो. पत्र ऑगस्टमधलं आहे. आत्तापासून महिन्याला २४ हजार बाजूला टाकलेत तर सात महिन्यांत १ लाख ६८ हजार होतात. बोनस करकपात होऊन ४ लाखांच्या आसपास येतो असं तुम्ही लिहिलंय. त्यातले साडेतीन लाख लिक्विड फंडात किंवा स्वीप-इन एफडीत टाका. आत्ताचे २ लाख १० हजार धरून बेरीज ७ लाख २८ हजारांवर जाते, म्हणजे तीन महिन्यांचा अटळ खर्च. सहा महिन्यांचा हवा, पण तीन झाले की मला रात्री झोप लागेल. बोनसचे उरलेले ५० हजार तुमचे. त्यातून ३८ हजारांची ग्रिल, आणि जे राहतील त्यातून बंपरच्या पुढच्या भागाला पारदर्शक फिल्म, एक्स्प्रेसवेवर खडे खाणाऱ्या भागाला. एसआयपी यासाठी एका महिन्यालाही थांबवू नका.

बोनस कमी आला किंवा आलाच नाही, तर ग्रिल पुढच्या मार्चला. फंड आधी भरायचा.

पत्नीच्या म्हणण्याकडे परत येतो. आईंचं ऑपरेशन कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत बसतं म्हणून तुम्ही निश्चिंत आहात. पण त्याच पॉलिसीत पालकांसाठी २० टक्के को-पे आहे, म्हणजे बिलाचा तेवढा वाटा तुम्ही भरायचा, हे तुम्हीच पाठवलेल्या कागदावर आहे. शिवाय नोकरी बदलली की ती पॉलिसी संपते. दोन्ही गुडघे करायचे ठरले तर को-पे, फिजिओथेरपी, महिनाभर घरात मदतीला बाई, हे सगळं खिशातून जाणार. हॉस्पिटलकडून अंदाजपत्रक लेखी मागवा आणि तो आकडा मला कळवा. तो ५० हजारांच्या वर गेला, तर वरचं सात महिन्यांचं गणित आपण नव्याने मांडू, आणि त्यात ग्रिल शेवटी येईल. सासूबाई जिना चढताना कठडा धरून दोन-दोन मिनिटं थांबतात, असं पत्नीने तुमच्या पत्राखाली स्वतःच्या अक्षरात लिहिलंय. ती ओळ मी दोनदा वाचली.

ग्रिल बसवाल तेव्हा एक करा. ती काढायला सहसा बंपर मोकळा करावा लागतो आणि त्यात प्लॅस्टिकच्या क्लिपा तुटतात, तर नव्या क्लिपांचा संच आधीच मागवून ठेवा आणि काम होईपर्यंत समोर उभे राहा. मूळ ग्रिल गॅरेजमध्ये सोडून येऊ नका. बबल रॅपमध्ये गुंडाळून, मूळ स्टार आणि स्क्रूंची पिशवी सोबत ठेवून, खोक्यावर गाडीचा नंबर लिहून माळ्यावर टाका. तीन-चार वर्षांनी गाडी विकायला काढाल तेव्हा ते खोकं खाली घ्या, मूळ ग्रिल परत बसवा आणि पॅनअमेरिकाना वेगळी विका.