माझा दिवस, मोडीची वही आणि आबा टिपरे

पुण्यात नोकरी करणाऱ्या तरुणीचा साधा दिवस कसा जातो, तिचे छंद कोणते आणि टीव्हीवरील कोणती विनोदी मालिका तिला सर्वांत जास्त आवडते, असा प्रश्न आपण विचारला आहे. मी २६ वर्षांची आहे आणि कोथरूडमध्ये आई, बाबा, धाकटा भाऊ आणि आजी यांच्यासोबत राहते. थोडक्यात सांगायचे तर माझा दिवस कारखान्यात मापे घेण्यात जातो, छंद मोडीचा, म्हणजे जुन्या मराठी कागदपत्रांतल्या लिपीचा आहे आणि आवडती मालिका 'श्रीयुत गंगाधर टिपरे' ही आहे. या तीन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नसावा असे कोणालाही वाटेल. आमच्या घरात मात्र रात्रीच्या जेवणाला त्या तिन्ही एकत्र येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सकाळी साडेपाचला उठते. पोळ्या माझ्या आणि भाजी आईची, अशी आमची वाटणी कॉलेजच्या दिवसांपासून ठरलेली आहे. सातच्या सुमारास आयडियल कॉलनी स्थानकावर मेट्रोत बसते. डेक्कनपासून पुढे ही गाडी मुठेच्या अगदी काठाने जाते आणि पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडलेले असले की डब्यातले सगळे लोक मोबाइल खाली ठेवून भिडे पूल पाण्याखाली गेला आहे का ते पाहतात. जिल्हा न्यायालय स्थानकात गाडी बदलावी लागते. तिथे उंचावरच्या फलाटावरून थेट भुयारात उतरायचे असल्यामुळे सरकते जिने संपता संपत नाहीत. शिवाजीनगर सोडल्यावर गाडी पुन्हा उजेडात येते आणि नाशिक फाट्याशी, भोसरी स्थानकात मी उतरते. १ ऑगस्ट २०२३ रोजी हे दोन्ही मार्ग न्यायालयापाशी जोडले गेले, त्याआधी हाच प्रवास मी दोन बस बदलून करत असे आणि घरी पोहोचेपर्यंत कशाचेही त्राण उरत नसे. तो वाचलेला वेळच माझ्या छंदाला मिळाला आहे, हे मला मनापासून नमूद करावेसे वाटते.

भोसरी एमआयडीसीतल्या एका लहान कारखान्यात मी गुणवत्ता तपासणीचे काम करते. सीएनसी लेथवर, म्हणजे संगणकाच्या हुकमाने धातू कापणाऱ्या यंत्रावर, तयार होणारे शाफ्ट (दांडे) आणि बुश (पोकळ नळकांडी) वाहनउद्योगातल्या मोठ्या कंपन्यांकडे जातात, आणि माल बाहेर पडण्याआधी तो मापात आहे की नाही हे पाहण्याची जबाबदारी माझी आहे. सकाळी मशीन सेट झाले की पहिला नग, ज्याला सगळे 'फर्स्ट पीस' म्हणतात, माझ्या टेबलावर येतो आणि मी सही केल्याशिवाय पुढचा नग काढला जात नाही. २५ मिलिमीटरच्या शाफ्टचा व्यास २४.९८ ते २५.०० एवढ्यातच बसला पाहिजे असे ड्रॉइंगवर लिहिलेले असले, तर मायक्रोमीटरने मिलिमीटरचा शंभरावा भाग वाचावा लागतो. नग मशीनवरून आल्या आल्या गरम असतो आणि गरम धातू फुगलेला असतो, म्हणून तो निवेपर्यंत थांबायचे. मग मायक्रोमीटरचे रॅचेट, म्हणजे त्याच्या टोकाची फिरकी, टक टक वाजेपर्यंतच फिरवायचे, कारण त्यापेक्षा जास्त दाबले तर माप खोटे येते. हे सारे मला एका ज्येष्ठ ऑपरेटर काकांनी शिकवले. ते मला मॅडम म्हणतात, मी त्यांना काका म्हणते, आणि माप चुकले तर दोघेही एकमेकांना स्पष्ट सांगतो.

सुट्टीच्या दिवशी कधी वेताळ टेकडीवर फिरायला जाते, कधी यशवंतराव चव्हाण नाट्यगृहात चांगले नाटक लागले असेल तर आईला घेऊन जाते. पण ज्याला छंद म्हणावे तो एकच, आणि तो म्हणजे मोडी.

मोडीकडे मी वळले ती आजोबांच्या ट्रंकेमुळे. आजोबा २०१९ साली गेले. त्यांच्या मागे वाईच्या जुन्या घरातून आणलेली एक पत्र्याची ट्रंक राहिली आणि तिच्यात लाल कापडात बांधलेल्या तीन वह्या निघाल्या. घरात त्या कोणालाच वाचता येत नव्हत्या. आजोबांनाही येत नव्हत्या, तरी त्यांनी त्या ७० वर्षे जपल्या होत्या, ही गोष्ट माझ्या मनाला फार लागली. सदाशिव पेठेतील भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीचे वर्ग भरतात असे कळल्यावर मी नाव घातले. वि. का. राजवाडे आणि खं. चिं. मेहेंदळे यांनी १९१० साली स्थापन केलेल्या या संस्थेत बसून मुळाक्षरे गिरवताना, आपण फार मोठ्या पंगतीच्या शेवटच्या पानावर बसलो आहोत असे मला वाटत असे, आणि त्या भावनेत आनंदच होता.

मोडी कशी लिहितात हे ज्यांनी पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगते. देवनागरीत आपण शब्द लिहितो आणि मग त्यावर रेघ मारतो. मोडीत आधी पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरे टांगत जायचे. हात उचलावा लागू नये म्हणून काना अक्षराच्या पोटातूनच वळून पुन्हा रेघेला मिळतो. ह्रस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही, विरामचिन्हे नसतात आणि दोन शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते. त्यामुळे मोडी लिहायला जितकी भराभर येते तितकी वाचायला येत नाही. अक्षरे ओळखता आली तरी शब्द कुठे तोडायचा हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. मी बोरूऐवजी तिरप्या टोकाचे शाईचे पेन वापरते आणि रोज रात्री त्या दिवसाची अर्धे पान रोजनिशी मोडीत लिहिते. सुरुवातीला अर्ध्या पानाला तास लागत असे, आता वीस मिनिटे लागतात.

शब्द तोडण्यावरूनच आमच्या घरात दोन दिवस मोठी चर्चा झाली. तीन वह्यांपैकी एक माझ्या खापरपणजोबांची घरखर्चाची वही आहे, शके १८३९ ची, म्हणजे इसवी सन १९१७-१८ मधली. तिच्यातली एक नोंद मी जेवताना मोठ्याने वाचून दाखवली: 'सखूबाईलाकडे'. मी ती 'सखूबाईला कडे' अशी वाचली. खापरपणजोबांनी सखूबाई नावाच्या कोणाला तरी हातातले कडे केले, हे ऐकून सगळ्यांचे हात थांबले. बाबा म्हणाले, खापरपणजीचे माहेरचे नाव सखू असणार. आईने विचारले, बायकोला दागिना केल्याची नोंद घरखर्चाच्या वहीत इतक्या उघडपणे कोण करेल? भावाने तर ते कडे आता कोणत्या आत्याकडे असेल याची यादी करायला घेतली. दुसऱ्या दिवशी आजीने मला वही घेऊन जवळ बसवले आणि एवढेच विचारले, "रक्कम किती लिहिली आहे ते बघ की गं आधी."

रकमेकडे मी लक्षच दिले नव्हते. जुन्या हिशेबात एक उभी रेघ म्हणजे पाव रुपया, अर्थात चार आणे, आणि तिच्यापुढच्या आडव्या रेघा म्हणजे सुटे आणे. त्या नोंदीपुढे एक उभी आणि दोन आडव्या रेघा होत्या, म्हणजे सहा आणे. १९५७ साली दशमान नाणी आली तेव्हा आजी शाळेत होती, त्यामुळे आणे तिने हाताळलेले आहेत. ती म्हणाली, "सहा आण्यांत कडे कुठून येणार? ती सखूबाई मोळीवाली असेल. सखूबाई, लाकडे." आणि खरोखरच पुढच्या महिन्याच्या पानांवर तीच नोंद चार-पाच दिवसांच्या अंतराने पुन्हा पुन्हा आलेली होती. तेव्हापासून घरात कोणी ऐकीव गोष्टीवर मोठा इमला बांधू लागले की आजी शांतपणे विचारते, "आणे किती?"

हा प्रसंग इतका लांबवून सांगितला, कारण 'श्रीयुत गंगाधर टिपरे' मला का आवडते याचे उत्तर त्यातच आहे. ही मालिका २००१ साली तेव्हाच्या अल्फा मराठी वाहिनीवर, म्हणजे आजच्या झी मराठीवर सुरू झाली, तेव्हा मी दोन वर्षांची होते. केदार शिंदे यांनी तिचे दिग्दर्शन केले. दिलीप प्रभावळकर आबा झाले, राजन भिसे त्यांचा मुलगा शेखर, शुभांगी गोखले सून श्यामला, रेश्मा नाईक नात शलाका आणि विकास कदम नातू शिऱ्या. मालिकेचा पाया प्रभावळकरांच्याच 'अनुदिनी' या लेखनात आहे, आणि अनुदिनी म्हणजे रोजनिशीच. स्वतः रोजनिशी लिहू लागल्यावर मला या गोष्टीचे महत्त्व जास्त कळले. दिवसभरात घडलेले काहीतरी क्षुल्लक रात्री लिहायला बसले की क्षुल्लक राहत नाही, आणि त्याच नजरेने ही मालिका एका मध्यमवर्गीय घराकडे पाहते.

माझ्या भावाला 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' अतिशय प्रिय आहे आणि त्यातल्या कलाकारांची तयारी मलाही थक्क करते. तिथे काही मिनिटांत मंचावर एक जग उभे करायचे असते, म्हणून पात्रे ठसठशीत रंगांत रंगवावी लागतात. टिपऱ्यांच्या घरात तशी घाई नाही. तिथे कोणी खलनायक नाही, कोणाला मूर्ख ठरवायचे नाही, आणि विनोद घडतो तो एकाच छपराखालच्या तीन पिढ्या एकच गोष्ट वेगवेगळी वाचतात म्हणून, म्हणजे आमच्या सखूबाईचे झाले तसेच. श्यामलेची भूमिका मला विशेष आवडते. सासरे, नवरा आणि दोन मुले यांच्या मधोमध उभी असलेली ती बाई चिडते, हसते, माघार घेते, पण कुठल्याही प्रसंगात ती केवळ चेष्टेचा विषय होत नाही. मराठीत गृहिणीवरचे विनोद उदंड आहेत. गृहिणीच्या बाजूने लिहिलेला विनोद त्या मानाने थोडा आहे, म्हणून मला त्याची किंमत वाटते.

आणि आबा. प्रभावळकरांचा जन्म १९४४ चा, म्हणजे मालिका सुरू झाली तेव्हा ते साठीच्याही आत होते, तरी पडद्यावर वृद्धाचे सोंग दिसत नाही, खराखुरा आजोबाच दिसतो. नव्या पिढीचे काय चालले आहे याचे आबांना कुतूहल आहे आणि त्या कुतूहलात हेवा किंवा नापसंती नाही. आजीसाठी यात आणखी एक गोष्ट आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनवर चिमणराव-गुंड्याभाऊंची मालिका लागत असे, तेव्हा शेजाऱ्यांच्या घरी बसून तिने आणि आजोबांनी प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्वे यांचा गुंड्याभाऊ पाहिला होता. त्यामुळे तिच्या दृष्टीने चिमणरावच वय वाढत वाढत आबा झाले. टिपरेही तिने आजोबांबरोबरच पाहिली आणि ते गेल्यावर मात्र ती मालिका कोणी लावू नये असे तिने सांगून ठेवले होते.

ती मनाई तिने स्वतःच मोडली, लाकडांचा उलगडा झाला त्याच आठवड्यात. मी टेबलावर रोजनिशी लिहीत बसले होते. ती म्हणाली, "लिहून झाले की आबा लाव." आता शनिवारी रात्री आम्ही दोघी इंटरनेटवर एक भाग पाहतो. आजीला बरेच संवाद पाठ आहेत आणि ती ते कलाकारांच्या अर्धा सेकंद आधी म्हणते; सुरुवातीला मी तिला थांबवत असे, आता थांबवत नाही. ज्या ठिकाणी आजोबा मोठ्याने हसत असत ती ठिकाणेही तिने मला दाखवली आहेत.

गेल्या रविवारी मी वहीचे पुढचे पान लावले. त्यात 'गोविंदासपाटी' अशी नोंद आहे आणि पुढे दोन आडव्या रेघा, म्हणजे दोन आणे. या वेळी रक्कम आधी पाहिली. माझ्या पणजोबांचे नाव गोविंद होते आणि त्या वर्षी ते सात वर्षांचे असणार, म्हणून आजीचे म्हणणे असे की ती लेखनाची पाटी आहे आणि ते नुकतेच शाळेत जाऊ लागले असावेत. पण त्याच पानावर गोविंदा नावाच्या गड्याच्या मजुरीचीही नोंद आहे, आणि गड्याला दिलेली पाटी ही माती वाहण्याचीही असू शकते. दोन आण्यांत दोन्ही बसते, असे बाबांचे मत पडले. आजी ऐकायला तयार नाही. येत्या रविवारी मी त्या पानाचे छायाचित्र वर्गात सरांना दाखवणार आहे. पाटीच्या आसपास कुठे पेन्सिलीची नोंद सापडते का, हे पाहायला आजीने मला सांगितले आहे.