आई औशाची, पासपोर्ट ब्रिटिश: भाचा भारताकडून खेळेल का?

दादा, भाचा बर्मिंगहॅममध्ये जन्मलेला, आई म्हणजे तुमच्या ताई लातूर जिल्ह्यातल्या औशाच्या, वडील इंग्रज, वय १६, फुटबॉल अकादमीत लेफ्ट बॅक (डावीकडचा बचावपटू), आणि हाती ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारं कार्ड. या कार्डावर तो भारताकडून खेळेल का, असं तुम्ही विचारलंय. नाही खेळता येणार. ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे. भारतीय संघाला भारतीय पासपोर्टच लागतो, आणि आपला कायदा दोन पासपोर्ट ठेवू देत नाही.

नील टेलर बघा. तोही लेफ्ट बॅक, आई कोलकात्याची, वडील वेल्श. मँचेस्टर सिटीने पोरवयात सोडला, रेक्सहॅम क्लबमध्ये घडला, २०१० ला स्वॉन्सी क्लबात आला आणि २२ व्या वर्षी प्रीमियर लीग खेळला. वेल्सकडून ४३ सामने, २०१६ च्या युरो या युरोपीय स्पर्धेत रशियावर गोल. वेल्सला ब्रिटिश पासपोर्ट चालतो, म्हणून त्याला काहीच सोडावं लागलं नाही. रायन विल्यम्सला लागलं. आई मुंबईची, तो विंगर, म्हणजे कडेचा आक्रमक खेळाडू. २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व सोडून त्याने भारताचं घेतलं. ऑस्ट्रेलियाकडून तो एकच सामना खेळला होता आणि तोही मैत्रीपूर्ण, म्हणून फिफाची, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेची, आडकाठी आली नाही.

इथेच लोक फसतात. 'तीन सामन्यांपर्यंत देश बदलता येतो' हे अर्धंच खरं आहे. ती सूट पहिल्या सामन्याच्या वेळी दुसऱ्या देशाचंही नागरिकत्व असणाऱ्यालाच मिळते. भाच्याकडे ते नाही. इंग्लंडच्या वयोगटाच्या संघाकडून अधिकृत स्पर्धा २१ पूर्ण व्हायच्या आत खेळला तर चालेल. पण इंग्लंडच्या सीनियर संघाकडून एक अधिकृत सामना झाला की भारताचं दार बंद.

नागरिकत्वासाठी वय १८ पूर्ण, ओसीआयला पाच वर्षं झालेली आणि अर्जाआधी बारा महिने भारतात वास्तव्य हवं. म्हणजे क्लबही इथलाच शोधावा लागणार. परत इंग्लंडात खेळायचं म्हटलं तर तो तिथे परदेशी ठरतो. २०२१ पासून तिथे परदेशी खेळाडूला गुणांवर मान्यता मिळते. राष्ट्रीय संघ जागतिक क्रमवारीत पहिल्या पन्नासात असेल, तरच त्याच्या सामन्यांवर आपोआप मान्यता मिळू शकते, आणि भारत त्यात नाही. म्हणून माझं स्पष्ट मत: सोळाव्या वर्षी पासपोर्टला हात लावू नका. बचावपटू उशिरा पिकतो. निदान २१ पर्यंत अकादमी आणि तिथल्या खालच्या लीग खेळू द्या.

कागद मात्र आत्ताच काढा. फिफासाठी आईचा जन्म भारतातला असल्याचा पुरावा पुरतो, पण आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. ताईंचा जन्म आजोळी झाला असेल तर औसा नगरपरिषदेत नोंद सापडणार नाही, आजोळच्या ग्रामपंचायतीत बघा. टीसीवर औसा, पासपोर्टवर लातूर आणि जन्मदाखल्यावर तिसरंच गाव असेल तर अर्ज अडकतो. आजी-आजोबांच्या जन्मावरूनही हक्क सांगता येतो, पण निजामकाळातले कागद उर्दूत निघतात, भाषांतर करून घ्यावं लागतं. आईचा दाखला असेल तर त्या वाटेला जायची गरज नाही. दिवाळीला ताई आल्या की तिन्ही कागद शेजारी ठेवून नाव, तारीख आणि गाव अक्षरन् अक्षर ताडून बघा.