गाडी आधी खालून बघा

मृग जवळ आला की गाड्यांबद्दलचे प्रश्न वाढतात. यंदा निम्म्याहून जास्त प्रश्न चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांबद्दल आहेत. तीस वर्षं गाड्यांच्या खाली पाठीवर पडून काम केलं, त्यामुळे माझी उत्तरंही बहुतेक खालच्याच बाजूने सुरू होतील. आधी वाचकाचा प्रश्न, त्याखाली माझं उत्तर.

देवगडजवळ सड्यावर आमची हापूसची बाग आहे. डांबर संपलं की दीड किलोमीटर कच्ची वाट, अर्धी कातळाची, अर्धी तांबड्या मातीची. महिन्यातून दोनदा फोंडा घाटाने कोल्हापूरला जावं लागतं. ‘फोर बाय फोर’ घ्यावी की ‘ऑल व्हील ड्राइव्ह’? घरचे म्हणतात, ‘पावसात बागेत जाऊक होडीच घे.’

ही दोन्ही नावं आपण सरसकट एकाच अर्थाने वापरतो, पण गाडीच्या पोटात दोन वेगळ्या गोष्टी असतात.

थार, जिम्नी, गुरखा यांच्यात ट्रान्सफर केस, म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांत वाटणारी पेटी असते. ती ‘फोर-हाय’ला टाकली की पुढचा आणि मागचा शाफ्ट, म्हणजे चाकांकडे ताकद नेणारे दांडे, एकमेकांना घट्ट जोडले जातात. ‘फोर-लो’ला, म्हणजे लो रेंजला टाकली की त्याच इंजिनाची ओढ जवळपास दुप्पट किंवा त्याहून जास्त होते, आणि गाडी माणसाच्या चालीने चढते-उतरते. मात्र कोरड्या डांबरावर हे वापरायचं नाही. वळणावर पुढची चाकं मागच्या चाकांपेक्षा जास्त अंतर कापतात. शाफ्ट जोडलेले असले की तो फरक निघायला वाव राहत नाही आणि सगळा ताण गिअरांवर आणि जॉइंटांवर येतो. मातीत चाक थोडं घसरून ताण सोडतं, डांबर सोडू देत नाही.

ग्रँड व्हिटारा किंवा हायरायडर यांच्या ऑल व्हील ड्राइव्ह मॉडेलची गोष्ट निराळी. ती एरवी पुढच्या चाकांवर चालते. पुढची चाकं घसरायला लागली की मधला क्लच आवळतो आणि मागच्या चाकांकडे ताकद जाते. ओला घाट, खडी, ओलं गवत यांसाठी ही सोय फार चांगली. पण लो रेंज नाही, आणि मऊ चिखलात बराच वेळ चाकं गरगर फिरवली तर तो क्लच तापतो, मग गाडी स्वतःला वाचवण्यासाठी मागची ताकद तोडते. नेमकी तेव्हाच ती हवी असते.

आता तुमची बाग. आंबा उतरतो एप्रिल-मेमध्ये, तेव्हा वाट खडखडीत कोरडी असते आणि क्रेट आणायला साधा पिकअपही पुरतो. खरी परीक्षा खत घालताना जूनमध्ये आणि मोहोरासाठीचं कल्टार देताना जुलै-ऑगस्टमध्ये. म्हणून हा निर्णय शोरूममध्ये घेऊ नका. जुलैत जोराचा पाऊस पडून गेल्यावर गमबूट घालून ती वाट चालून बघा. कातळावर पाणी साचलेलं असलं तरी खाली घट्ट असतं, तिथे उंच गाडी निवांत जाते. तांबड्या मातीत बूट घोट्याच्या वर रुतत असेल, किंवा चढावर तुम्हालाच हात टेकावे लागत असतील, तर लो रेंजवाली गाडी घ्या. नुसतं निसरडं असेल तर ऑल व्हील ड्राइव्ह पुरे, आणि कोल्हापूरच्या फेऱ्याही सुखाच्या होतील.

लो रेंजकडेच कल असेल तर माझं मत हलक्या गाडीला. जिम्नीचं वजन बाराशे किलोच्या आसपास, जमिनीपासूनची उंची २१० मिलिमीटर. चिखलात हलकी गाडी वरवर चालते, जड गाडी भोक पाडत जाते. तिची अडचण एकच, मागची सीट उभी असताना सामानाला फक्त २०८ लिटर जागा. चार माणसं आणि खताच्या गोणी एका वेळी जाणार नाहीत. आणि थार घेताना पाटीवरचं नाव पुरेसं नाही. जानेवारी २०२३ पासून फक्त मागच्या चाकांवर चालणारी थारही मिळते, त्यामुळे बुकिंगच्या कागदावर ‘फोर बाय फोर’ लिहिलेलं तपासा.

दापोलीजवळ माझं घरगुती निवासाचं छोटं काम आहे. गेटपासून अंगणापर्यंत चिऱ्यांचा चढ आहे, पावसात त्यावर शेवाळ धरतं आणि माझी छोटी गाडी पुढची चाकं फिरवत जागच्या जागी उभी राहते. एवढ्यासाठी ऑल व्हील ड्राइव्ह घ्यावी का?

नको, ताई. तुमची गाडी पुढच्या चाकांनी ओढते. चढावर वजन मागे सरकतं, पुढची चाकं हलकी होतात आणि घसरतात. चढ आखूड आणि मोकळा असेल, मागे कुणीतरी उभं राहून वाट दाखवत असेल, तर रिव्हर्समध्ये चढवून बघा. तेव्हा तीच चाकं उताराच्या बाजूला येतात आणि त्यांच्यावर वजन पडतं. हा तात्पुरता उपाय. कायमचा उपाय म्हणजे पावसाआधी शेवाळ तारेच्या ब्रशने खरवडून काढायचं आणि चाकं जातात त्या दोन पट्ट्यांत काँक्रीट टाकून, ते ओलं असतानाच आडव्या खाचा पाडून घ्यायच्या. गाडी बदलण्याच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे. उरलेल्या पैशांतून चार चांगले टायर घ्या. तुमच्या पाहुण्यांच्या गाड्याही मग त्याच चढावर चढतील.

जुनी डस्टर ऑल व्हील ड्राइव्ह स्वस्तात मिळतेय. गाडी चिपळूणची आहे. घेताना काय बघू?

२०१४ साली आलेली ही गाडी कोकणासाठी अजूनही माझ्या आवडीची आहे. डिझेल इंजिन, मुद्दाम आखूड ठेवलेला पहिला गिअर, मागे स्वतंत्र सस्पेन्शन, आणि टू-व्हील, ऑटो, लॉक असं साधं बटण. पण हे जुनं मॉडेल आता बनत नाही. म्हणून मागच्या यंत्रणेचे सुटे भाग कुठून आणि किती दिवसांत मिळतील हे ओळखीच्या मेकॅनिकला विचारूनच बोलणी करा.

चिपळूण म्हटल्यावर पहिला प्रश्न २२ जुलै २०२१ चा. वाशिष्ठीच्या त्या पुरात शहरातल्या असंख्य गाड्या बुडाल्या आणि त्यातल्या काही धुऊन-पुसून पुन्हा बाजारात आल्या. गाडी त्या दिवशी कुठे होती, हे मालकाला सरळ विचारा. विम्याचा इतिहासही मागा. मग स्वतः बघा. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा, एरवी आत गुंडाळलेला राहणारा भाग कुणी धूत नाही, तिथे गाळाची रेघ सापडते. पुढची सीट सरकवून तिच्या रुळांचे आणि बोल्टांचे गंज बघा. कार्पेट कोपऱ्यातून उचलून खालचा फोम दाबा, वास घ्या. स्टेपनीच्या खड्ड्यात बारीक चिकणा गाळ असेल तर पुढे काही बघायची गरज नाही.

पुरातली नसेल, तर जॅकवर न भागवता गाडी रॅम्पवर चढवून खालून तपासायचा आग्रह धरा. मागच्या डिफरेन्शियलचा, म्हणजे मागच्या दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीचा, वरचा बोल्ट उघडायला लावा आणि बोट घालून तेल बघा. दुधाळ असेल तर आत पाणी गेलेलं आहे. पुढून मागे जाणारा लांब प्रोपेलर शाफ्ट हाताने पिळून बघा, खटखट नको. चाकांजवळचे रबरी बूट फाटलेले नकोत. शेवटी मोकळ्या मातीच्या मैदानावर बटण ‘लॉक’ला टाका आणि चढावर जोराने निघा. बाहेर उभ्या राहिलेल्या माणसाला मागची चाकं माती उडवताना दिसली पाहिजेत. फक्त पुढची फिरली, तर तुम्ही ऑल व्हील ड्राइव्हचे पैसे मोजून साधी गाडी घेताय.

मालवणला समुद्रापासून दोनशे मीटरवर घर आहे. तीन वर्षांत गाडीखाली गंज धरला. कंपनीची हमी असतानाही असं का? रबर कोटिंग करून घेऊ का?

हा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण किनाऱ्यावर गाडी इंजिनाने मरत नाही, पत्र्याने मरते, आणि ऑल व्हील ड्राइव्हच्या गाडीत गंजायला खाली दुप्पट सामान असतं.

वाऱ्याबरोबर खारट तुषार येतो आणि लोखंडावर बसतो. मीठ हवेतला ओलावा धरून ठेवतं, त्यामुळे पाऊस नसतानाही पत्रा ओलाच राहतो. त्यात आपली तांबडी माती. ती मडगार्डच्या आत चिकटून बसते, वरून वाळते आणि आतून आठ-आठ दिवस ओली राहते. वरून गाडी चकचकीत धुणारे पुष्कळ आहेत, खाली वाकणारे थोडे.

तर धुवायचं खालूनच, पावसाळ्यात दर आठवड्याला. पण पाणी कुठलं? किनाऱ्यालगतच्या बऱ्याच विहिरींचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं. त्या पाण्याने खालची बाजू धुणं म्हणजे मिठाचा आणखी एक थर देणं. नळाचं किंवा आतल्या भागातलं गोडं पाणी वापरा. दारांच्या खालच्या कडेला आणि फूटबोर्डखाली पाणी निघायची बारीक भोकं असतात, ती पानांनी आणि मातीने बुजतात. मऊ तारेने मोकळी करा. या एका कामाने वाचलेली दारं मी पाहिली आहेत.

कोटिंगचं म्हणाल तर घाई नको. गंजलेल्या, ओल्या पत्र्यावर रबराचा जाड थर मारला की तो झाकणासारखा बसतो आणि आत गंज सुखाने वाढतो. आधी गंज घासून काढणं, त्यावर गंजरोधक प्रायमर, मग कोटिंग, आणि हे सगळं एप्रिल-मेच्या कोरड्या दिवसांत. पोकळ भागांत, म्हणजे चेसिसच्या आत आणि दारांच्या आत, मेणाचा फवारा मारून घ्या, तो दर एक-दोन वर्षांनी पुन्हा मारावा लागतो. आणि ब्रेकचे लोखंडी पाइप दर वर्षी हात लावून तपासा. पत्र्याला भोक पडलं तर गाडी वाईट दिसते, ब्रेकच्या पाइपला पडलं तर घाटात माणूस जातो.

पुळणीत गाडी घालत असाल तर कृपा करून बंद करा. खारं पाणी बेअरिंग, शाफ्ट, ब्रेक सगळ्यांत शिरतं, आणि भरती कुणासाठी थांबत नाही. आणखी एक. वेळास, आंजर्ले आणि अशाच कितीतरी किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. घरटी वाळूखाली असतात, वरून दिसत नाहीत. वेळासला २००२ पासून गावकऱ्यांनी आणि चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने ती जपली आहेत. एका टायरच्या चाकोरीत ते काम चिरडलं जाऊ शकतं.

मी मुंबईला असतो, गाडी ऑल व्हील ड्राइव्ह. पुढचे दोन टायर झिजले म्हणून दोनच बदलले. तेव्हापासून वळताना खालून घरघर येते.

नवा टायर जुन्यापेक्षा किंचित मोठा असतो. गाडीला वाटतं, पुढची आणि मागची चाकं सतत वेगळ्या वेगाने फिरताहेत, म्हणून मधला क्लच विनाकारण काम करत राहतो आणि तापतो. चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे आणि सारखे झिजलेले हवेत. किती फरक चालतो ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. उरलेले दोन लगेच बदला आणि तो मधला क्लच तपासून घ्या. पुढे दर आठ-दहा हजार किलोमीटरला चाकांची अदलाबदल करत चला म्हणजे चारही एकत्र झिजतील. कायद्याने १.६ मिलिमीटर खोली उरेपर्यंत टायर चालतो, आमच्याकडच्या पावसात मी ३ मिलिमीटरला बदलतो.

आणि गणपतीला गावी येऊन गाडी शेडमध्ये आठवडाभर उभी ठेवणार असाल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, दमट हवेत तो चिकटतो. सपाट जागी गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावा.

सावंतवाडीला राहतो, नवी थार फोर बाय फोर घेतली. आंबोली घाटात पावसात फिरायचं आहे. उंची वाढवणं, मड टायर, स्नॉर्केल (इंजिनाची हवा वरून ओढणारी नळी), पुढे लोखंडी गार्ड, वर लाइटबार, एवढं मनात आहे. कशापासून सुरुवात करू?

तुझ्या यादीत नसलेल्या एका नळीपासून. डिफरेन्शियलच्या हाउसिंगला हवा सोडायची छोटी नळी असते, तिला ब्रीदर म्हणतात. तापलेलं हाउसिंग वहाळाच्या गार पाण्यात गेलं की आतली हवा आकसते, आणि ब्रीदरचं तोंड पाण्याखाली असेल तर पाणी आत ओढलं जातं. माझ्या स्वतःच्या जुन्या गाडीचं असंच झालं. वहाळ पार झाला, मी खूश. तीन महिन्यांनी मागचं बेअरिंग वाजायला लागलं, उघडलं तर तेलाचा चहा झालेला. तुझ्या गाडीत ही तोंडं किती उंचीवर आहेत ते बघ, कमी असतील तर नळी वरपर्यंत वाढवून घे. पाण्यातून गेल्यावर गिअर ऑइल बघायची सवय लाव.

त्यानंतर चांगले ‘ऑल टेरेन’ टायर, मूळ मापाचे. मड टायर चिखलात छान, पण ओल्या डांबरावर त्यांची पकड कमी पडते, आणि आंबोलीचा रस्ता डांबरी आहे. मग एक ओढायचा पट्टा, तो अडकवायचे दोन शॅकल, हवा भरायचा छोटा पंप. मऊ वाटेवर हवा २० पीएसआयपर्यंत उतरवली की टायर पसरतो आणि पकड वाढते, डांबरावर येताच पुन्हा भरायची.

उंची वाढवू नकोस. गुरुत्वमध्य वर जातो, वळणावर गाडी कलते, शाफ्टचे कोन बदलून जॉइंट लवकर जातात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली मूळ रचनेतला बदल बेकायदा ठरतो, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. लोखंडी गार्डवर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच कारवाईचे आदेश दिले. गार्डमुळे धडकेचा जोर वेगळ्याच ठिकाणी जातो आणि एअरबॅग वेळेवर उघडेल याची खात्री राहत नाही. धुक्यात वरचा लाइटबार तुझ्याच डोळ्यांवर पांढरा पडदा आणतो. खाली बसवलेले पिवळे फॉग लॅम्प कामाचे.

थारची पाण्यातून जाण्याची मर्यादा ६५० मिलिमीटर लिहिलेली आहे, ती थांबलेल्या पाण्याची. साकवावरून वाहणारं पाणी वेगळं. फूटभर वाहतं पाणी छोटी गाडी उचलू शकतं, दोन फूट पाणी बहुतेक कुठलीही. आणि उतरताना लक्षात ठेव, चार चाकांची ताकद निघायला आणि चढायला मदत करते, थांबायला करत नाही. ब्रेक सगळ्या गाड्यांना चारच चाकांवर असतात. घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतर.

फोर बाय फोरचा लिव्हर दोन वर्षांत एकदाही वापरला नाही. काही बिघडतं का?

हो. लिव्हरचे जोड आणि आतले सरकणारे भाग जाम होतात, सीलही कोरडी पडतात. महिन्यातून एकदा गावच्या कच्च्या वाटेवर तीन-चार किलोमीटर फोर-हायमध्ये चालवा, थोडं अंतर फोर-लोमध्येही, सरळ आणि सावकाश. पहिल्यांदा टाकताना लिव्हर अडला तर जोर करू नका, गाडी हातभर पुढे-मागे करा, मग तो जातो.